वाघीण कोणाला? युद्ध, शांतता आणि तिसऱ्या वर्गाचा प्रवासी

आज आपण रेल्वेकडे वळतोय. आपल्याकडे रेल्वेचा इतिहास सांगायला घेतला की तो ठरलेल्या ठिकाणी सुरू होतो: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं आणि एकवीस तोफांची सलामी. हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

आज आपण एकच साधा प्रश्न हातात धरून पुढे जाऊ. रूळ एक आहे आणि त्यावरून जाऊ पाहणारे अनेक आहेत. मग आधी कोणाची गाडी सुटणार? कोणाच्या मालाला वाघीण मिळणार? आणि जो मागे राहणार, तो कोण? (मालगाडीच्या वॅगनला ‘वाघीण’ हे नाव आपल्या लोकांनी दिलं. रेल्वेत काम केलेल्यांच्या घरात अजूनही हाच शब्द ऐकू येतो. आपण आज तोच वापरू.)

युद्ध आलं की रेल्वेची नेहमीची घडी विस्कटते, असं आपण धरून चालतो. आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. रांगेत पुढे कोण आणि मागे कोण, हे बरंचसं शांततेच्या काळातच ठरून गेलेलं असतं. युद्ध ती रांग उघडी करून दाखवतं. आणि युद्ध संपल्यावर त्या वेळी केलेल्या सोयींपैकी बऱ्याच तशाच शिल्लक राहतात.

सुरुवातीपासूनच बघू. हिंदुस्थानात रेल्वे कशी आणि का बांधावी, यावर गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५३ सालीच एक लांबलचक टिपण लिहिलं. व्यापाराच्या फायद्याचा मुद्दा त्यात आहेच. पण त्याबरोबर लष्कराचाही आहे: जे सैन्य एका ठिकाणी जमवायला महिने लागतात, ते रेल्वेमुळे तितक्याच दिवसांत जमवता येईल. खाजगी कंपन्यांशी जे करार झाले त्यात सरकारने त्यांना भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिली, जमीन फुकट दिली. बदल्यात टपाल फुकट न्यायचं आणि सैन्य सवलतीच्या दरात, अशी अट घातली. म्हणजे पहिल्या दिवसापासून सैनिकाची जागा कराराच्या कागदावर लिहिलेली होती. हमीचा परतावा कंपनीला नफ्यातून मिळाला नाही, तर सरकार आपल्या तिजोरीतून देणार होतं आणि ती तिजोरी भरत होती शेतसाऱ्याने. जो शेतकरी कधी गाडीत बसला नाही, त्यानेही रेल्वेचे पैसे भरले.

मग १८५७ आलं. त्यानंतर जी स्टेशनं बांधली गेली त्यांच्याकडे बघा. लाहोरचं स्टेशन दुरून किल्ल्यासारखं दिसतं, कारण ते खरोखरच किल्ल्यासारखं वापरता यावं म्हणून बांधलं होतं: जाड भिंती, बुरूज, बंदुका रोखायला जागा. रेल्वेतल्या युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नोकरांच्या स्वयंसेवक पलटणी उभ्या राहिल्या, आपल्या जीआयपीचीही होती. गार्ड, ड्रायव्हर, फोरमन ही माणसं आठवड्यातून काही वेळ बंदूक घेऊन कवायत करायची. शांततेच्या काळातली ही रेल्वे होती.

याच काळात आपल्या बोरघाटात काम चालू होतं. १८५६ साली सुरू झालेलं हे काम १८६३ च्या एप्रिलमध्ये संपलं. पंचवीस बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल आणि हे सगळं सुरुंगाची दारू, पहार, टोपली आणि माणसाची पाठ यांच्या जोरावर. १८६१ मध्ये एका वेळी ४२ हजारांवर माणसं घाटात कामाला होती. बायका आणि पोरंही त्यात होती. पटकीने किती जण गेले याची मोजदाद करण्याची गरज कोणाला वाटली नाही. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ मध्ये येऊन थोड्याच दिवसांत मेला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवलं, ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत असते. तिचं श्रेय तिला मिळालंच पाहिजे. पण त्याच १८५९ च्या सुरुवातीला घाटातल्या मजुरांनी मजुरी थकली म्हणून दंगा केला होता, हे सहसा सांगितलं जात नाही. त्या दंग्यात एक युरोपीय माणूस मारला गेला आणि पुढच्याच वर्षी, १८६० साली, मालक आणि कामगार यांच्यातले तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत असा कायदा सरकारने केला. सत्तावन्न नुकतंच होऊन गेलं होतं. चाळीस हजार माणसं एका डोंगरात जमलेली आणि ती चिडलेली, याचा अर्थ सरकारला काय वाटला असेल, याची कल्पना करता येते.

दुष्काळाकडे येऊ. १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ. रेल्वे असेल तर दुष्काळ पडणार नाही, असं तोवर सांगितलं जात होतं. सोलापूर, पुणे या भागात रेल्वे आली होती आणि तिने धान्य आणलंही. पण धान्य स्टेशनापर्यंत येणं आणि माणसाच्या ताटात येणं यात दोन मोठी अंतरं होती. एक म्हणजे पैसा: काम नाही तर मजुरी नाही, मजुरी नाही तर बाजारात धान्य असूनही नसल्यासारखं. दुसरं म्हणजे बैल: स्टेशनापासून गावापर्यंत धान्य बैलगाडीने जायचं आणि चाऱ्यावाचून बैल आधी मेले होते. शिवाय जी वाघीण धान्य आणते तीच धान्य नेतेही. जिथे भाव चढा तिथे माल ओढला जातो आणि त्या वर्षांत हिंदुस्थानातून गहू परदेशी जातच राहिला.

दुष्काळ आयोगाने १८८० साली शिफारस केली की दुष्काळी भागात निदान पाच हजार मैल रेल्वे तातडीने बांधा. आपल्याकडची सदर्न मराठा रेल्वे ही त्या विचारातून आलेली. पण त्याच सुमारास अफगाण युद्ध चालू होतं. दुष्काळ निवारणाच्या नावाने लावलेल्या कराचा पैसा युद्धाकडे वळवला, असा आरोप त्या वेळी खुद्द इंग्लंडमध्येही झाला. आणि वायव्य सरहद्दीवरच्या रेल्वेला मात्र पैसा कमी पडला नाही. क्वेट्ट्याकडे जाणारा लष्करी रेल्वेमार्ग मध्ये थांबवून १८८३ साली परत सुरू केला, तेव्हा रशियाला सुगावा लागू नये म्हणून कागदोपत्री त्याला ‘हरनाई रस्ता सुधारणा योजना’ असं नाव दिलं होतं. रस्ता सुधारणा! सरकारी कागदांवर विश्वास ठेवून इतिहास लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर लावून ठेवावं.

प्लेगचा एक उल्लेख करून पुढे जातो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला आणि लाखो माणसं गावाकडे पळाली, अर्थातच रेल्वेने. सरकारने स्टेशनांवर तपासणी सुरू केली. गाडी थांबवायची, उतारूंना फलाटावर उभं करायचं, काखेत-जांघेत गाठ आहे का बघायचं. बायकांनाही त्यातून सुटका नव्हती आणि त्यावरून लोक किती संतापले हे आपण पुण्याच्या इतिहासात वाचलेलं आहे. वरच्या वर्गाच्या प्रवाशाला सांभाळून घेतलं जाई, तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला हाकललं जाई. म्हणजे युद्धाशिवायही रेल्वेचं स्टेशन एका दिवसात नाकं होऊ शकतं.

तिसरा वर्ग म्हणजे नक्की कोण, हे इथे समजून घ्यायला हवं. रेल्वेच्या दर शंभर प्रवाशांतले नव्वदहून अधिक खालच्या वर्गाचे होते. प्रवासी वाहतुकीच्या उत्पन्नाचा मोठा वाटाही त्यांचाच. पहिल्या वर्गाचा डबा अर्धा रिकामा धावायचा आणि कंपनीचा खर्च निघायचा तो तिसऱ्या वर्गाच्या गर्दीतून. म्हणजे सगळ्यात जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक सगळ्यात मागे उभं, असा हा धंदा होता.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि मुंबई हे मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेचं मुख्य बंदर झालं. सैन्य, घोडे, खेचरं, चारा, दारूगोळा सगळं रेल्वेने मुंबईत यायचं आणि जहाजात चढायचं. नंतर जखमी उलट्या दिशेने. पण फक्त माणसं-जनावरं गेली असं नाही, रेल्वे स्वतःही गेली. इथले मीटरगेजचे रूळ, इंजिनं, डबे आणि त्याबरोबर ड्रायव्हर, फिटर, गँगमन, कारकून हे बसऱ्याला रवाना झाले. तिथून बगदादच्या दिशेने जी लष्करी रेल्वे टाकली गेली तिच्यात हिंदुस्थानचं लोखंड आणि हिंदुस्थानची माणसं होती. इथल्या रेल्वे कारखान्यांत डब्यांच्या दुरुस्तीच्या जागी तोफगोळे बनू लागले. जे उरलं त्यावर देशाचा गाडा हाकायचा. प्रवासी गाड्या कमी झाल्या, भाडी वाढली.

अशा वेळी, १९१७ च्या सप्टेंबरात, गांधीजी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने गेले. दक्षिण आफ्रिकेहून येऊन त्यांना अडीच वर्षं झाली होती आणि त्यातला पाव हिस्सा काळ त्यांनी गाडीत काढला होता. या प्रवासावर त्यांनी रांचीहून वर्तमानपत्रांना एक पत्र लिहिलं. ते पुढे पुस्तिकेत आलं. त्यातला तपशील एखाद्या तपासनिसासारखा आहे. तिकीट तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर लिहिलेलं, बावीस उतारू. बसायची सोय, आडवं व्हायची नाही आणि प्रवास दोन रात्रींचा. पुण्यापर्यंत आकडा बावीसच्या आत राहिला तो आतल्या दांडग्या मंडळींनी दार अडवून धरल्यामुळे. रायचूर सोडल्यावर तेही संपलं. रेल्वेची माणसं डब्याकडे फिरकली ती आणखी उतारू आत कोंबायला. सबंध प्रवासात डबा एकदाही झाडला नाही. चहा म्हणून काय मिळालं त्याचंही वर्णन आहे, ते आम्ही इथे सांगत नाही. ज्यांनी जुन्या गाड्यांतून प्रवास केलाय त्यांना कल्पना येईल.

आपल्या विषयासाठी या पत्रातले दोन मुद्दे महत्त्वाचे. पहिला हिशेबाचा: मद्रासचं पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून थोडं जास्त आहे, मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक पंचमांश तरी सोय मिळते का? एक दशांश तरी? दुसरा मुद्दा युद्धाचा. कोणीतरी म्हणणार की लढाई चालू आहे, आता कसली सुधारणा? त्यावर गांधीजींचं उत्तर चोख आहे. संकट एवढं मोठं असेल तर प्रवासी वाहतूक पूर्ण बंद केली तरी ते समजण्यासारखं आहे. पण वाहतूक चालू ठेवायची, पैसे घ्यायचे आणि घाण आणि कोंबाकोंबी वाढवायची, याला युद्ध हे कारण होऊ शकत नाही. आणि मुळात ही घाण काही युद्धाने आणलेली नव्हती. युद्धाने तिला एक सबब मिळाली.

पुढच्याच वर्षी या कोंबाकोंबीचा वेगळाच हिशेब चुकता झाला. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीच्या बाजूने इन्फ्लुएन्झा आला. दुसरी आणि खरी जीवघेणी लाट सप्टेंबरच्या आसपास. पावसाने दगा दिलेला, धान्य महाग, आणि रोग रुळांवरून एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात. देशभरात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसं गेली असे अंदाज आहेत. महायुद्धात सबंध जगात जितके सैनिक मेले, त्याच्याशी हा आकडा तोलून बघा.

युद्धानंतर रेल्वेची अवस्था इतकी वाईट होती की विल्यम अ‍ॅकवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. रूळ झिजलेले, पूल जुने, इंजिनं थकलेली. त्या समितीच्या शिफारशींतून १९२४ साली रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा झाला, जो अगदी २०१६ पर्यंत वेगळा मांडला जात होता. आणि १९२५ मध्ये जीआयपी रेल्वे सरकारने आपल्या ताब्यात घेतली. दर फेब्रुवारीत रेल्वेमंत्री संसदेत उभे राहायचे आणि आपण टीव्हीवर आपल्या गावाला नवी गाडी मिळाली का बघायचो. त्या प्रथेचं मूळ पहिल्या महायुद्धाने झिजवलेल्या रुळांत आहे.

आता दुसरं महायुद्ध. इथे थोडं थांबू, कारण रांग कशी काम करते हे इथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

आधी यंत्रणा समजून घेऊ. बहुतेक मार्ग तेव्हा एकेरी होते. समोरून गाडी येत असेल तर एकीला स्टेशनात लूप लाइनवर उभं राहावं लागतं. कोणी उभं राहायचं हे कंट्रोलर ठरवतो. लष्कराची स्पेशल असेल तर बाकी सगळ्यांनी. एका स्पेशलमागे चार गाड्यांचं वेळापत्रक कोसळतं. मालाच्या बाबतीत हिशेब असा की वाघीण भरली, पोचली, रिकामी झाली आणि परत भरायला आली, या फेरीला किती दिवस लागतात. फेरीला आठ दिवस लागत होते ते सोळा लागायला लागले, तर एकही वाघीण न हरवता तुमच्या निम्म्या वाघिणी नाहीशा झाल्यासारख्या होतात. युद्धकाळात रेल्वेकडे वाघिणी कमी होत्या असं म्हणतात, ते अशा दोन्ही अर्थांनी खरं आहे.

आणि मागणी तर सगळीकडून वाढली. किनाऱ्याने चालणारी जहाजं युद्धाच्या कामाला गेली. बंगालचा कोळसा आधी कलकत्त्याहून समुद्रमार्गे मुंबईला यायचा, तो आता सबंध देश ओलांडून रेल्वेने यायला लागला. जपानने मलाया घेतल्यावर रबर दुर्मिळ झालं, पेट्रोल रेशनवर गेलं, बसगाड्या कमी झाल्या. त्यामुळे ज्यांच्याकडे दुसरा मार्ग होता तेही स्टेशनात आले. तिथे त्यांना काय दिसलं? प्रवास टाळा, अगदीच गरज असेल तर करा, अशा सरकारी जाहिराती. सवलतीची तिकिटं बंद, जत्रेच्या जादा गाड्या बंद. १९४२ च्या प्रयागच्या कुंभमेळ्याच्या वेळी अलाहाबादची तिकिटं विकणंच थांबवलं होतं. जागा मिळेल तिथे लोक लटकत गेले.

यावेळीही रेल्वे स्वतः परदेशी गेली. इंजिनं आणि वाघिणी मध्यपूर्वेत गेल्या आणि रूळ मिळावेत म्हणून फारशा न चालणाऱ्या शाखा उखडल्या गेल्या. केरळात शोरनूर ते निलंबूर हा सागवानाच्या जंगलातला मार्ग १९२७ मध्ये पुरा झाला होता. १९४१ मध्ये तो उखडला. हिमाचलातल्या कांगडा मार्गाचा नगरोटा ते जोगिंदरनगर हा तुकडा तसाच गेला. दोन्ही ठिकाणी गाडी परत आली ती स्वातंत्र्यानंतर, १९५३-५४ च्या सुमारास. म्हणजे त्या गावांत बारा-तेरा वर्षांची पोरं अशी होती की ज्यांनी स्टेशनची इमारत बघितली होती, फलाट बघितला होता, गाडी बघितली नव्हती. तमिळनाडूत मोरप्पूरहून धर्मपुरीमार्गे होसूरला जाणारी छोटी रेल्वेही अशीच १९४१ मध्ये उखडली. तिथे युद्ध संपल्यावरही कोणी परत रूळ टाकायला आलं नाही.

पूर्वेकडे गोष्ट आणखी बिकट होती. कलकत्त्याहून पार्वतीपूरपर्यंत ब्रॉडगेज. तिथे सगळा माल उतरवून मीटरगेजमध्ये भरायचा. पुढे अमीनगाव. तिथे ब्रह्मपुत्रेवर पूल नाही, म्हणून डबे तराफ्याच्या बोटीवर चढवून पलीकडे पांडूला. आणि मग दिमापूर, तिनसुकिया. चहाच्या पेट्या आणि ताग आणण्यासाठी टाकलेला हा मार्ग १९४२ मध्ये एकदम आघाडीची रसद झाला. ब्रह्मदेशातून पायी निघालेले लाखो हिंदी लोक जंगल तुडवत दिमापूरला पोचले, ते याच मार्गाने खाली आले आणि त्याच वेळी सैन्य आणि सामान वर जात होतं. १ मार्च १९४४ पासून या मार्गाचा सुमारे ८०० मैलांचा भाग अमेरिकन लष्कराच्या रेल्वे पलटणींनी चालवायला घेतला, तोही इम्फाळ-कोहिमाची लढाई तोंडावर आलेली असताना. लष्करी इतिहासात या कामाची वाहवा आहे आणि ती योग्यच आहे.

पण त्याच रेल्वेच्या आजूबाजूला बंगाल उपाशी होता. १९४३ च्या दुष्काळाची कारणं अनेक आहेत आणि ती सगळी रेल्वेवर घालणं चूक ठरेल: ब्रह्मदेशचा तांदूळ बंद, ऑक्टोबर १९४२ चं वादळ, साठेबाजी, सरकारची धोरणं. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने पूर्व बंगालमधल्या नावा काढून घेतल्या होत्या. नदीनाल्यांच्या प्रदेशात नाव गेली की बैलगाडीही गेली आणि बाजारही गेला. मग सगळा भार रेल्वेवर आणि रेल्वेत रांग. जुलै १९४३ मध्ये दामोदरच्या पुराने ईस्ट इंडियन रेल्वेचा मुख्य मार्गच तोडला. धान्याला वाघीण मिळाली तेव्हाही ती आधी कलकत्त्याला, कारण तिथल्या गिरण्या आणि गोद्यांतले कामगार युद्धाच्या कामाला आवश्यक ठरवलेले होते. ‘आवश्यक’ लोकांची यादी केली की यादीबाहेरचे कोण, हे आपोआप ठरतं. खेड्यातला भूमिहीन मजूर, कोळी, नावाडी हे त्या यादीत नव्हते. ते चालत कलकत्त्याला आले आणि फुटपाथवर, स्टेशनांच्या आसपास मेले. मुंबईत मे १९४३ मध्येच रेशनिंग सुरू झालं होतं, म्हणून इथल्या चाळीत निदान मोजून का होईना धान्य येत राहिलं. तेही रेल्वेनेच यायचं.

अशा वेळी रूळ हे सरकारचं दुखरं ठिकाण आहे हे लोकांना कळणारच. ऑगस्ट १९४२ मध्ये पुढारी पकडले गेल्यावर पहिल्या काही दिवसांतच देशभर अडीचशेच्या आसपास स्टेशनं जाळली किंवा मोडली गेली. बिहारात रूळ उखडणाऱ्या जमावांवर विमानातून गोळीबार झाला. रुळांकाठच्या गावांवर सामुदायिक दंड बसवले. आपल्याकडे साताऱ्याच्या प्रतिसरकारातल्या तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोली स्टेशनाजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवून लुटली. पुणे-मिरज मार्ग तेव्हा मीटरगेजचा होता. ज्या रेल्वेने डलहौसीला सैन्य दिवसांत हलवायचं होतं, तिला भर दुपारी एका स्टेशनाजवळ थांबवता येतं हे कुंडल परिसरातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी दाखवलं.

फाळणीबद्दल आम्ही इथे थोडंच बोलू, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. १९४७ च्या उन्हाळ्यात रेल्वेच्या नोकरांनाही विचारलं गेलं: हिंदुस्थान की पाकिस्तान? पंजाबात कित्येक ड्रायव्हर, फायरमन, सांधेवाले एकदम निघून गेले आणि त्याच आठवड्यांत निर्वासितांच्या गाड्या चालवायच्या होत्या. गाड्यांवर हल्ले झाले, अख्ख्या गाड्या प्रेतांनी भरून आल्या. त्या गाड्या चालवणारी माणसं कोण होती, त्यांनी काय पाहिलं, यावर आपल्याकडे फारच कमी लिहिलं गेलंय. छतावर बसलेल्या निर्वासितांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. इंजिनातला माणूस कोणत्याच फोटोत दिसत नाही.

त्याच इंजिनातल्या माणसाकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये रेल्वेची प्रादेशिक सेना उभी राहिली. कल्पना चांगली होती: युद्ध झालं तर रेल्वेचेच प्रशिक्षित नोकर गणवेश घालून आघाडीजवळच्या गाड्या चालवतील. १९६५ आणि १९७१ मध्ये त्यांनी ते केलंही. ६५ च्या युद्धात राजस्थानच्या गडरा रोडजवळ रसद पोचवताना रेल्वेचे नोकर मारले गेले, तिथे त्यांचं स्मारक आहे.

मग मे १९७४. वाफेच्या इंजिनावर चौदा-चौदा तास ड्युटी चालायची. गाडी पोचेपर्यंत काम, मग गाडी केव्हाही पोचो, ही रीत ब्रिटिशांच्या काळापासूनची. लूप लाइनवर तासन्‌तास उभं राहिलेल्या गाडीत प्रवासी ताटकळतो, तसा ड्रायव्हर-फायरमनही भट्टीसमोर ताटकळतो, हे आपण विसरतो. आठ तासांचा दिवस, बोनस, इतर सरकारी उद्योगांइतका पगार अशा मागण्यांसाठी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली ८ मेपासून संप झाला. सतरा लाखांच्या आसपास रेल्वे कामगारांचा प्रश्न. फर्नांडिस यांना संपाआधीच, २ मेला, अटक झाली होती. हजारो जण आत गेले. अनेक ठिकाणी रेल्वे क्वार्टरमधून बायकामुलांना बाहेर काढलं, पाणी-वीज तोडली. यासाठी वापरलेले कायदे कुठले? ७१ च्या युद्धाच्या वेळी लागू झालेले आणि युद्ध संपून अडीच वर्षं झाली तरी मागे न घेतलेले भारत संरक्षण नियम, आणि सोबतीला मिसा. गाड्या चालवायला कोण आलं? तीच रेल्वेची प्रादेशिक सेना. म्हणजे शत्रूविरुद्ध तयार ठेवलेली व्यवस्था आपल्याच सहकाऱ्यांविरुद्ध कामाला आली. एकाच शेडमधली दोन माणसं, एक संपावर आणि एक गणवेशात. वीस दिवसांनी संप मागे घेतला गेला. बोनस मिळाला तो १९७९ मध्ये, वेगळ्या सरकारच्या काळात.

आणि याच १९७४ साली रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला. डब्यांवरचे तीन दांडे पुसून दोन रंगवले. आत बाकं तीच होती.

शेवटचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. मार्च २०२० मध्ये देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. दोन महायुद्धांत, फाळणीत, ७१ मध्ये, कधीही असं झालं नव्हतं. कोरोनाविरुद्ध युद्ध, असाच शब्द तेव्हा सगळे वापरत होते. १ मेपासून श्रमिक स्पेशल सुरू झाल्या. नोंदणी, वैद्यकीय दाखला आणि दोन राज्यांची परवानगी एवढं जुळलं तर जागा. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशातले काही मजूर भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत निघाले. रस्त्याने गेलं तर पोलीस अडवतील म्हणून रूळ धरले होते. ७ मेची रात्र, बदनापूर ओलांडून करमाडच्या अलीकडे ते थकून रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं होतं. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. पहाटे सोळा जण गेले.